न पाहिलेल्या जागेचा नाच

सगळ्यांनी होकार दिला, पण तशी इच्छा मात्र कुणाचीच नव्हती, तर मग निर्णय कोणी घेतला? रुद्राणीने हे मला विचारले; आम्ही एकाच महाविद्यालयात शिकवतो.

रुद्राणी मूळची मुरगूडची; कोल्हापुरात आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. तिच्या संशोधनाचा विषय होता सातेरी मधमाशी. मोहोळातून फुटून निघालेला थवा फांदीला लटकून राहतो. टेहळ्या माश्या नव्या घरासाठी ढोली, कपारी शोधतात, परत येऊन नाचून जागेचा पत्ता सांगतात, आणि राणीने हुकूम न देताही थव्याचे एकमत होते. त्यावरून, संगणकांच्या समूहाने आपसांत निर्णय कसा घ्यावा याचे नियम ती बांधत होती. त्यांतला एक नियम ती वर्गात फळ्यावर चौकटीत लिहीत असे: दुसरीचा नाच पाहून माशी लगेच नाचू लागत नाही, ती उडत जाते, जागा स्वतः तपासते, मगच नाचते.

तिचे वडील शिवय्या, घरच्यांचे अप्पा, मुरगुडात धान्याचे दुकान चालवीत. गुडघे दुखत; तरी काठी टेकत जाऊन दुकान तेच उघडीत. मुलांनी त्यांना घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतले होते. ते लिहीत काही नसत; आलेल्या प्रत्येक निरोपाला उभा अंगठा लावीत.

"अप्पा, मयताच्या बातमीला बी अंगठा लावत्यात व्हय?" धाकटा बसवेश चेष्टा करी.

"बघितलं म्हणून सांगाय नको?" अप्पांचे उत्तर ठरलेले.

२०२३ च्या उन्हाळ्यात कागलला दिलेल्या थोरल्या बहिणीने, अक्काने, ग्रुपवर लिहिले की अप्पा पायरी चढताना भिंत धरतात, गुडघ्यांचे काहीतरी बघायला हवे. बसवेशने इचलकरंजीहून एका दवाखान्याचे नाव कळवले. त्याच्या शेजाऱ्याचे गुडघे तिथे बदलले होते. फोनवर भावंडांचे आवाज चढू नयेत म्हणून रुद्राणीनेच ग्रुपवर मतदान टाकले: शस्त्रक्रिया करावी की नाही? अक्काचे मत होकाराचे पडले, बसवेशचेही तसेच. ती दोन पाहून तिने तिसरे टाकले. अप्पांनी अंगठा लावला. परीक्षांचे दिवस होते. मुरगूडला कोणीच गेले नाही.

त्याच दवाखान्यात शस्त्रक्रियेआधी नर्सने गळ्यातले इष्टलिंग काढून ठेवायला सांगितले. अप्पांनी ते कधी अंगावेगळे केले नव्हते. रुद्राणीच्या हातात ते देताना त्यांनी विचारले, "मला लई दुखतंय असं मी म्हणलो हुतो का गं तुला?"

"न्हाई अप्पा. पण तुम्ही अंगठा लावला हुता की."

"बघितलं म्हणून लावला."

"मग नको म्हणायचं की हो!"

"तुमचं समद्यांचं ठरलंय, त्यात मी कशाला मोडता घालू?" ते हसले. "जा, च्या पिऊन ये जा."

बाहेर अक्का आणि बसवेश उभे होते. आत डॉक्टर तयार होते. थांबा, एवढा एक शब्द रुद्राणीच्या ओठांपर्यंत आला. स्ट्रेचर आत गेले.

तिसऱ्या दिवशी रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली आणि अप्पा गेले. असे क्वचित घडते; त्यात कुणाची हयगय नव्हती. मुरगुडात लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवूनच मातीत ठेवले, तेव्हा रुद्राणीने इष्टलिंग त्यांच्या तळहातावर परत ठेवले.

दिवस झाल्यावर अक्का रडत म्हणाली, "मी नुसतं बघाय पायजे म्हणलं हुतं. कापा म्हणलं न्हवतं की गं."

बसवेश भिंतीकडे पाहत बोलला, "रुद्राक्का, मतदान तू टाकलंस. म्हणजे डॉक्टरला भेटली असशील, अप्पांना इचारलं असशील, असं धरलं मी."

"मी तुमची मतं बघितली," रुद्राणी म्हणाली.



माश्यांच्या नियमांवरचा तिचा शोधनिबंध तेव्हा लिहून पुरा झालेला होता. तो तिने कुठेही पाठवला नाही. जून २०२५ पासून संशोधन सोडून ती फक्त पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवते.