बबनकाकांची मूठ आणि वर्कलाचा समुद्र

आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपमधलं पत्र्याचं स्क्रॅप रोजच्या रोज उचललं जातं, किस्से मात्र साचत जातात. चाकणला चौदा वर्षं काढली, त्यातले निम्मे किस्से बबनकाकांचे. उरलेली कसर वर्कलाच्या ट्रिपनं भरून काढली!

काका म्हणजे आमचे क्रेनचे सिग्नलमन. प्रेसच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांवर. बोट खाली, उतरव. मूठ, थांब. पंजा उघडला की सोडा. लोड जमिनीला टेकला तरी काकांचा पंजा उघडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, हा त्यांचा कायदा.

काका महिनाअखेरीस रिटायर होणार होते आणि समुद्राच्या पाण्यात त्यांचा पाय कधी पडला नव्हता. क्वालिटी विभागातला बिजू मूळचा केरळातल्या वर्कलाचा. "काकांना घेऊन माझ्या घरी चला," म्हणाला. मग तो, मी, प्रेसवरचा संतोष आणि काका, असे चौघं निघालो. गाव उंच कड्यावर, समुद्र पार खाली.

*

पहिल्याच दिवशी सकाळी सव्वापाचला मी, संतोष आणि काका आंघोळ करून, भांग पाडून रस्त्यावर उभे! पंधरा मिनिटं तिघांचेही डोळे रस्त्याच्या वळणाकडे. शेवटी बिजू डोळे चोळत आला. "अरे, कंपनीची बस इथं येत नाही, भाऊ!"

काका शांतपणे म्हणाले, "व्हय की. पण आता आलोच हाय, तर च्या घिऊ."

*

हॉटेलात संतोषनं "पाणीऽऽ!" म्हणून अशी हाक दिली की शेजारच्या टेबलावरची गोरी बाई दचकून उभीच राहिली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "संतोषराव, हितं मशीन बंद हायेत. वरडतो कशाला?"

*

कड्याच्या एका वळणावर कठडा नव्हता. काका अस्वस्थ. संध्याकाळी बॅगेतून पिवळी-काळी टेप निघाली आणि दोन माडांना बांधून बॅरिकेड तयार! सेफ्टीची टेप घेऊन सुट्टीवर जाणारा माणूस जगात दुसरा नसेल. सकाळी पाहतो तर पर्यटक गुमान वळसा घालून चाललेले. चहावाला बिजूला म्हणाला, "तुमच्या साहेबांना अजून दोन दिवस ठेवून घ्या!"

*

त्या टेपचं मला मात्र हसू आलं नाही. चार वर्षांपूर्वी डाय, म्हणजे प्रेसचा टनावारी वजनाचा लोखंडी साचा, क्रेनला लटकत होती आणि मी नको तिथं पाय ठेवला होता. काकांची मूठ वर गेली, क्रेन जागच्या जागी थांबली. माझे दोन्ही पाय आज शाबूत आहेत ते त्या मुठीमुळे. त्याबद्दल काकांशी कधी बोललो नाही. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, हे एक कारण झालं.

*

समुद्राकडे खाली उतरायच्या पायऱ्या अशा उभ्या की काकांचे गुडघे पहिल्याच पायरीवर नाही म्हणाले. तीन दिवस काका वरूनच बघत बसले. "दिसतोय की हितनं. ब्येस हाय." डोळे मात्र लाटांवरून हलत नव्हते.

शेवटच्या सकाळी बिजूनं घरातली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. "बसा काका."

"येडे का काय? मी काय डाय हाय व्हय?"

बसले एकदाचे. पुढून बिजू, मागून मी आणि संतोष. चारेक पायऱ्या उतरलो आणि काकांचा हात आपोआप वर आला. बोट खाली, हळू. मूठ. पुन्हा बोट खाली. आम्ही तिघं त्या हाताच्या खुणांवर चाललो. पायऱ्या संपल्या, वाळू लागली, वाळू ओली झाली. मूठ. खुर्ची टेकवली.

पहिली लाट काकांच्या घोट्यापर्यंत आली. दुसरी गुडघ्यापर्यंत. संतोषची पॅन्ट भिजली, बिजूची चप्पल वाहून गेली.

काका समोर बघत होते. मूठ तशीच वर. पंजा काही उघडला नाही, आणि आम्ही तिघांनी खुर्ची काही सोडली नाही.