पवळीचा उजवा डोळा

चुना लावून मळलेल्या तंबाखूचा रस जिभेवर आला, की आग थेट घशापर्यंत उतरते. आणि असा तोंडभर जळजळीत रस मी एकदा, पूर्ण शुद्धीत, आमच्या पवळी गायीच्या उजव्या डोळ्यात थुंकले होते. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याविषयी उगाच आदर बाळगणार नाही.

लग्न होऊन मंठ्याजवळच्या सासरी आले, तेव्हा माझ्यापाशी मॅट्रिकचं प्रमाणपत्र होतं आणि त्याहून कितीतरी मोठा अहंकार. भाद्रपदात गोठ्यात माशांचं साम्राज्य पसरलं, पवळीचा डोळा गळू लागला, बुबुळावर धुक्याची झाक चढली. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, अक्षरओळख नव्हती, त्या म्हणाल्या, "जनावराच्या डाक्टरला बोलवा." आणि शिकलेली सून कुठे गेली? शेजारच्या कौसाकाकूंकडे. "डोळ्यात फूल पडलंय. तंबाखू चावून थुक, बिलकुल साफ होतंय," काकूंनी निर्वाळा दिला. चुन्याचं त्या काही बोलल्या नव्हत्या. ती माझ्या विद्वत्तेची भर. घरातले पुरुष चुन्यावाचून तंबाखू खात नाहीत, तेव्हा औषधातही तो हवाच, असा मी तर्क लढवला. थुंकून झाल्यावर मला भोवळ आली. पवळी खुंट्याभोवती गरगरत राहिली, आणि तिची ती मूक तडफड म्हणजे औषधाला आलेला गुण समजून ही पंडिता भिंतीला टेकून समाधानानं पाहत बसली.

गेल्या महिन्यात माझ्याच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काळा चष्मा लावून ओसरीवर बसते, तर येणारा प्रत्येक जण डोळ्यात घालायला काहीतरी सुचवून जातो. कुणी मध, कुणी गुलाबपाणी, कुणी कांद्याचा रस. धाकटी नणंद परवा म्हणाली, "वहिनी, शेळीचं कच्चं दूध घाला, डॉक्टरच्या थेंबांनी काय होऊन राह्यलं?" मोडल्या हाडावर कुणी आमटी ओतत नाही, मग डोळ्यासारख्या सुकुमार इंद्रियातच हाती लागेल ते ओतायला माणसं का टपलेली असतात? जीव नुसता वैतागतो. आणि मग ध्यानात येतं, की या साऱ्या वैद्यांच्या रांगेत सर्वांत पुढे, गालात तंबाखूची गोळी धरून, मीच उभी आहे.

तर, मी थुंकले त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बोलावलेले जनावरांचे डॉक्टर मंठ्याहून आले. पापणी उलटून त्यांनी चिमट्यानं पांढऱ्या दोऱ्यासारखा एक वळवळता जंत बाहेर काढला. "रोग एवढाच होता," ते म्हणाले, "पण बुबुळावर हा भाजल्याचा चट्टा कशाचा?" मी सांगितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पवळीच्या दोन्ही पापण्या एकमेकींना शिवून टाकल्या. आत जखम भरली तर डोळा वाचेल, पंधरा दिवसांनी कळेल, म्हणाले.

ते पंधरा दिवस मी शिवलेल्या पापणीवरच्या माशा पदरानं वारत बसले. जांब समर्थच्या देवाला नवससुद्धा बोलले, आणि त्यात चुन्याचा उल्लेख मात्र शिताफीनं टाळला. देवाशीही लबाडी करण्याइतकी मी तेव्हा हुशार होते.

टाके निघाले. पापणीखाली दुधावरच्या सायीसारखा एक निश्चल, शुभ्र पडदा होता. मी त्याच्यापुढे हात हलवला. पुन्हा हलवला. पवळीनं मानदेखील वळवली नाही.

मी खाली मान घालून बोलणी खायला उभी राहिले. आत्याबाईंनी धारेची चरवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून धार तूच काढायची, अन् ह्याच बाजूनं बसायचं. बसायच्या आधी तिला आवाज देत जा, न्हाई तर दचकंल अन् लाथ मारंल. अन् मारली, तर मंग गप खायची."