एकाच फळीतली जोडी

दत्तादादांच्या महेशचा फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या शुवैखच्या वर्कशॉपमध्ये एका रिव्हॉल्वरचं चाक पुसत बसलो होतो. चाक म्हणजे सहा काडतुसं बसतात तो गोल भाग. मी आणि दत्तादादा त्याला चाकच म्हणायचो. "काका, बाबा गेले. सकाळी उठलेच नाहीत," महेश म्हणाला. आजारी होते का विचारलं, तर नव्हते म्हणाला. फोन ठेवला आणि त्या चाकाची सहाही भोकं मी पुन्हा एकेक करून बघितली. रिकामी होती. फोन यायच्या आधीही ती मी बघितलेलीच होती. ही खोड मला नऊ वर्षांपूर्वी लागली. गेलेल्या माणसाबद्दल लोक चार चांगले शब्द लिहितात, मलाही तसंच लिहायचं होतं. पण पाच आठवडे झाले, चार ओळींच्या पुढे गाडी जाईना. शेवटी स्वतःलाच म्हटलं, सदानंदा, खरं लिहायचं असेल तर लिही, नाहीतर गप्प बस.

दत्ताराम, म्हणजे आमचे दत्तादादा, संगमेश्वराकडचे सुतार. माझं गाव त्यांच्या गावापासून नदीपलीकडे. नात्याचे कोणी नव्हते, पण परमुलखात नदीपलीकडचा माणूस सख्ख्या भावाच्या जागी असतो. ते कुवेतला आले होते दारं-खिडक्या करायला. आमचा मालक बू सालेम शिकारीच्या बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना असलेला माणूस. त्याने दादांचा रंधा चालताना पाहिला आणि म्हणाला, हा माणूस खिडक्या करून फुकट जाईल. तेव्हापासून दादा बंदुकीचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, करू लागले आणि मी फिटर म्हणून लोखंडाची बाजू बघायचो. हवल्लीत एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. कालवण दादांचं, भांडी माझी. मीठ कमी पडलं म्हटलं की, "मेल्या, तुझ्या बायकोला कळव, मला काय सांगतोस?" हे ठरलेलं.

बू सालेमला नाद होता जोडीचा. एक रिव्हॉल्वर आणि एक लिव्हरची रायफल, दोन्हींना काडतूस एकच. चापाखालची कडी खाली ओढून वर घेतली की काडतूस नळीत चढतं, ती लिव्हरची रायफल. गिऱ्हाईक आलं की तो आपल्या हिंदीत समजवायचा, "बेल्ट एक, गोली एक, बंदूक दो." दादांना ते लगेच पटलं होतं, कारण गावाकडे रानडुकराच्या शिकारीला, हाक्याला, ते लहानपणापासून गेलेले. म्हणायचे, डुक्कर लांब आहे तोवर रायफल, लांब नळीतून तीच गोळी जास्त जोरात जाते. जखमी होऊन जाळीत शिरला की तिथे लांब नळी फिरवायला जागा कुठे? तिथे रिव्हॉल्वर. आणि घाबरलेल्या माणसाने एकाच खिशात हात घालावा, कुठलं काडतूस कशात जातं हे शोधत बसू नये. अशा रायफलीत काडतुसं नळीच्या खाली दुसऱ्या एका नळीत एकामागे एक झोपलेली असतात, म्हणून टोकदार गोळी तिथे चालत नाही, पुढच्याच्या बुडाला टोचते. चपट्या तोंडाचीच लागते. हे सगळं मला दादांनी शिकवलं. मी फिटर, पण बंदूक म्हणजे काय ते सुताराकडून शिकलो.

लाकडाच्या बाबतीत मात्र दादांचा हट्ट मालकाच्याही वर होता. रायफलीचा दस्ता आणि रिव्हॉल्वरची मूठ ते अक्रोडाच्या एकाच फळीतून काढायचे. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली की लाकडाच्या रेषा एकीतून निघून दुसरीत शिरताना दिसत. "वेगळ्या फळीतली म्हणजे जोडी नव्हे रे, नुसत्या दोन बंदुका," म्हणायचे. फळी चिरायच्या आधी ती दिवसभर नुसती उभी करून ठेवायचे आणि येता-जाता बघायचे. मला वैताग यायचा, काम पुढे सरकत नसे.

आता ते सांगतो, ज्यासाठी बसलोय.

दर खंडेनवमीला मालक जेवायला घरी गेला की आम्ही गपचूप हत्यारांची पूजा करायचो. रंधा, पटाशी, पान्हे, माझा व्हाइस... हळदकुंकवाचं एकेक बोट. अगरबत्ती लावत नसू, वास राहतो. त्या वर्षी दादांच्या टेबलावर एक जोडी तयार होत आली होती आणि दादांनी तिच्याखाली धुतलेला रुमाल अंथरला. मी म्हटलं, दादा, रिकामं शस्त्र पुजायचं नसतं. आमच्या घरी शेतीच्या राखणीची बारा बोअरची होती, तिच्यात वडील पूजेपुरतं एक काडतूस घालायचे. दादा म्हणाले, "नको रे, ही काय आपल्या पडवीतली बंदूक आहे? लोकांचा देश, लोकांची हत्यारं." पण मी ऐकतो कसला? माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायकोला दिवस गेले होते, मनात काय काय भीती होती. एवढ्या वर्षांत घरचं काही सोडलं नाही, आताच का सोडू, असं वाटलं. चाचणीच्या पेटीतली दोन काडतुसं मी काढली. एक रिव्हॉल्वरच्या चाकात, एक रायफलीच्या खालच्या नळीत. दादांनी नको-नको अशी मान हलवली, पण हात जोडले.

तेवढ्यात बाहेर मालकाची गाडी वाजली. दादांनी रुमाल ओढला, कुंकू पुसलं. मी चाक उघडलं, काडतूस हातात पडलं. रायफलीची लिव्हर घाईत अर्धीच ओढली, नळीत डोकावलो, रिकामी दिसली. लिव्हर पुरती ओढल्याशिवाय खालच्या नळीतलं काडतूस वर येत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? रोजचं काम होतं ते. पण मनाने घेतलं की ते आधीच काढलंय. रिव्हॉल्वरमध्ये काही असलं तर उघडल्याबरोबर दिसतं, रायफल मात्र पोटात ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी विचारलं, "सदू, मोकळी आहे ना रे?" मी कानशीवरून मान वर न करता म्हणालो, "मोकळी दादा." त्यांनी दस्ता बसवला, त्याच्या टोकाची पितळी पट्टी लावली, रायफल व्हाइसमध्ये धरली, लाकूड कुठे चापाला अडतंय का बघायला लिव्हर पुरती ओढून परत घेतली, नळी हलू नये म्हणून डावा हात तिच्या तोंडाशी टेकवला आणि चाप दाबला.

दोन बोटं गेली. तळवा राहिला.

इस्पितळात पोलीस आले. दादांनी एकच सांगितलं, चाचणीचं काडतूस मीच आत विसरलो, दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. पोलीस गेल्यावर तोंड उघडायला गेलो तर म्हणाले, "गप राहा. माझा हात गेलाच आहे. तू बोललास म्हणून बोटं उगवणार नाहीत. दोघं गेलो तर दोन चुली विझतील." आणि मी गप्प राहिलो. लोक म्हणतील त्यांनीच गप्प केलं. पण मला गप्प राहायचंच होतं, तेव्हाही आणि पुढेही. जखम भरून आल्यावर त्यांचा अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द झाला आणि ते गावी गेले. मला मुलगी झाली, आणि मी इथेच राहिलो.

दर सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. गावात त्यांना कोणी काम देईना. ज्याला स्वतःचा हात सांभाळता आला नाही त्याच्याकडे घराचे वासे कोण देणार? महेश तर पोरासोरांसमोर म्हणायचा, आमच्या बाबांचं लक्षच नसतं. एकदा चहा देताना वहिनी मला म्हणाल्या, "सदू, तू एवढी वर्षं तिथे टिकलास. तुझ्यासारखं लक्ष देऊन काम करायला यांना तरी शिकवायचं होतंस." माझ्या हातातला कप खाली ठेवता येईना. दादा पडवीत तीन बोटांनी सुपारी कातरत बसले होते. वर न बघता म्हणाले, "त्याला साखर कमी लागते गो." मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. का ते आजही नीट सांगता येत नाही... त्यांनी एकदा तरी माझ्याकडे रागाने बघावं असं वाटत होतं, बहुतेक तेच.

ते गेल्याचं कळल्यावर तिसऱ्या आठवड्यात तीच रायफल वर्कशॉपमध्ये आली. दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी सैल झाली होती. दादांच्या जागी नंतर कोणी सुतार टिकला नाही, म्हणून असली बारीक कामं मीच करतो. आधी लिव्हर पुरती ओढली, आठ-दहा वेळा. टेबलापलीकडच्या दादांच्या रिकाम्या स्टुलाकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. मग स्क्रू काढले. पट्टीखाली सुतार लोक काहीबाही लिहून ठेवतात हे ऐकून होतो. दादा काय लिहितात ते कधी पाहिलं नव्हतं. पट्टी हे त्यांचं काम. आत कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने त्यांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, "मोकळी. सदूने पाहिली."

म्हणजे त्या सकाळी मी मान वर न करता जे बोललो ते त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं, वर पट्टी बसवली आणि मग चाप दाबला. पुढे पोलिसांना, मालकाला, बायकोला, मुलाला त्यांनी एवढंच सांगायचं होतं की पट्टी काढून बघा. नऊ वर्षं शिव्या खाल्ल्या, पण सांगितलं नाही. मी कोपऱ्यात जाऊन रडलो, मग तोंड धुतलं. पट्टी परत बसवून टाकावी, गिऱ्हाइकाला देऊन टाकावी, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू, पट्टी हातात घेतलीही होती.

फोटो काढला आणि महेशला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "हे बाबांचं अक्षर आहे."

"हो."

"त्याच बंदुकीतलं? आणि सदू म्हणजे तुम्ही?"

"मीच. काडतूस मी घातलं होतं, महेश. काढायला मी विसरलो. त्यांनी विचारलं तेव्हा न बघता मोकळी म्हणालो."

पलीकडे कुणाच्या तरी बांगड्या आणि भांडी वाजत होती. शिव्या देईल, फोन आपटेल, कशालाही मी तयार होतो.

"हे आईला मी सांगणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगा." आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.

"बोल रे सदू," वहिनी म्हणाल्या. "जेवलास का?"