शेवटच्या प्रुफातली घात

शुक्रवारी दुपारी शेवटचा तास संपवून स्टाफरूममध्ये आले, तर मेल येऊन पडला होता. माझ्या शोधनिबंधाचं शेवटचं प्रूफ. सोमवारी सकाळपर्यंत तपासून पाठवा, आता फक्त छपाईच्या चुका दुरुस्त होतील, मजकूर बदलता येणार नाही, असं संपादकबाईंनी खाली लिहिलं होतं.

मी लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. मुखेड तालुक्यातल्या बायका पेरणीच्या कामात जे शब्द वापरतात, त्यांच्यावर तो निबंध होता. दोन पावसाळे मी सुट्टी मिळेल तेव्हा एसटीनं तिकडं जात होते, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत होते. निबंध लिहून झाल्यावर तो दोन नियतकालिकांकडून परत आला. तिसऱ्यानं घेतला. त्यामुळे पानांवर नीट जुळवलेला माझा मजकूर पाहिला तेव्हा मी तो वाचला नाहीच, नुसता बघत बसले.

आणि वाचून उपयोगही नव्हता. इतक्या वेळा वाचलं होतं की चूक असली तरी डोळा तिच्यावरून घसरला असता. म्हणून प्रिंट काढली आणि शनिवारी सकाळी नांदेडची बस धरली.

नांदेडला माझे वडील असतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मूळचे उमरीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पण सगळी नोकरी नांदेडच्या एका छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, काय येईल ते. त्यांची पद्धत ठरलेली. ओळीखाली फूटपट्टी धरायची आणि मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम आला तर ‘स्वल्पविराम’ म्हणायचं. समोरच्यानं मूळ मजकूर धरून बसायचं. लहानपणी सुट्टीत मी किती तरी वेळा अशी समोर बसले होते.

जेवण झाल्यावर आम्ही बसलो. निबंध एका म्हाताऱ्या बाईंच्या वाक्यानं सुरू होत होता. मला ते वाक्य फार आवडायचं, मुद्दाम सुरुवातीला घातलं होतं. अण्णांनी वाचलं, “घात झाला की घरात बसवत नाही, पूर्णविराम.”

माझ्या हातातल्या मूळ मजकुरात होतं, ‘घात आली की घरात बसवत न्हाई.’

आमच्याकडं पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलाचीही नसते आणि कोरडीही नसते, पेरणीची तिफण चालवायला अगदी बरोबर असते, तेव्हा घात आली म्हणतात. दुसरीकडं त्याला वाफसा म्हणतात. घात आली की सगळं गाव शेताकडं निघतं. पण भाषा तपासणाऱ्याला हा शब्द माहीत नसणार. त्याला विश्वासघातातला घात दिसला, आणि त्यानं वाक्य ‘शुद्ध’ केलं.

अण्णांनी चष्मा काढला. “पेरायचा दिवस आन् गळा कापायचा दिवस एकच करून टाकला यांनी,” ते म्हणाले.

पुढं वाचत गेलो. बायकांचं एकही वाक्य जसंच्या तसं राहिलं नव्हतं. ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं, ‘पेरून राहिले’चं ‘पेरत आहे’. जे शब्द असे बोलले जातात हे सांगायला मी निबंध लिहिला, ते शब्दच त्यात नव्हते. खाली माझी टीप मात्र तशीच होती की, वरील वाक्यातील बोलीचं रूप लक्षणीय आहे.

मी संपादकबाईंना फोन लावला. शनिवारची दुपार, उचलतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी उचलला. मी वाद घालायच्या तयारीनं बोलत होते. पहिलं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी लगेच मान्य केलं की भाषेचं काम या वेळी नव्या माणसाकडं होतं, आपण स्वतः एकदा बघायला हवं होतं, राहून गेलं. बायकांची सगळी वाक्यं पूर्ववत करू. फक्त प्रत्येक वाक्य रेकॉर्डिंग ऐकून पक्कं करून पाठवा, आठवणीवर जाऊ नका, एवढीच त्यांची अट होती. फोन ठेवल्यावर मी दोन ग्लास पाणी प्यायले. संकट टळलं असंच वाटलं.

रविवारी सकाळी रेकॉर्डिंग लावलं. अण्णा शेजारी बसले होते. म्हाताऱ्या बाई बोलत होत्या, मागं सुपात काहीतरी पाखडल्याचा आवाज येत होता. पाखडणं थांबलं आणि ते वाक्य आलं. त्यानंतर म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “हाव, खरं हाय.”

मी परत ऐकलं. वाक्य त्यांचं नव्हतंच. लांबून, दाराकडून आलेला आवाज होता, बराच तरुण. त्यांच्या सुनेचा. ती त्या दिवशी उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती. मी तिला एक प्रश्नही विचारला नव्हता.

हे रेकॉर्डिंग मी आधी कितीदा तरी ऐकलं होतं. म्हाताऱ्या बाईंकडून असं वाक्य यावं असं मला वाटत होतं, म्हणून त्यांच्याच तोंडून ऐकू आलं. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नव्हती. निबंधाचा शेवटचा परिच्छेदच असा होता की हे शब्द आता सत्तरीपुढच्या बायकांच्याच तोंडी उरलेत. आणि माझा सगळ्यात चांगला पुरावा पस्तिशीतल्या बाईचा निघाला होता.

एकच वाक्य आहे, कुणाला कळणार आहे, आणि मजकूर बदलता येत नाही असं संपादकबाईंनीच लिहिलंय, असं मी अण्णांना म्हणाले. अण्णांनी मोबाइल घेतला, अंगठ्यानं रेकॉर्डिंग मागं नेलं आणि तेवढाच भाग पुन्हा लावला.

मी म्हाताऱ्या बाईंच्या घरी फोन केला. सुनेनंच घेतला. मी सगळं सांगितलं, तर ती लाजली. सासूबाईंचंच राहू द्या म्हणाली, त्यानं काय फरक पडतो. मागून म्हाताऱ्या बाई काय झालं म्हणून विचारत होत्या. त्यांनी फोन मागून घेतला.

“मी बोललेच न्हाई तर ते माझं कसं?” त्या म्हणाल्या. “मी पान लावून राहिले व्हते त्या टायमाला. जिचं हाय तिला द्या.”

मग सून पुन्हा फोनवर आली. नाव छापणार का, हे तिनं विचारलं. नाव नसेल, फक्त वय आणि तालुका, असं मी सांगितलं. मग येऊ द्या म्हणाली. मी तिला विचारलं, हे शब्द तुझ्या वयाच्या बायका बोलतात का. ती हसली. “मॅडम, आम्ही न्हाई बोललो तर पेरायचं कसं?”

संपादकबाईंना पुन्हा फोन करताना मला लाज वाटत होती. काल त्यांची चूक दाखवली, आज माझी. त्यांनी ऐकून घेतलं. चुकीचं छापण्यापेक्षा बदललेलं बरं म्हणाल्या, पण सगळी पानं जुळवून झालेली आहेत, नवा परिच्छेद जुन्याच्याच जागेत बसला पाहिजे, एक ओळही वाढता कामा नये.

हे काम अण्णांचं. मी वाक्य लिहायची, ते पेन्सिलीनं अक्षरं मोजायचे आणि मान हलवायचे. ‘अद्यापही’च्या जागी ‘अजून’ घाल. ‘या ठिकाणी’ कशाला, ‘इथं’ म्हण. माझी निम्मी विद्वत्ता त्या मोजणीत गेली, आणि परिच्छेद चांगला झाला. हे शब्द सरत नाहीत, पेरणी आहे तोवर सुनाही ते बोलतायत, असं त्यात साधेपणानं आलं. एका बाईचं वाक्य मी आधी दुसरीच्या नावावर धरलं होतं, हे टिपेत लिहिलं. दुपारी सगळं पाठवून दिलं आणि लातूरच्या बसमध्ये बसले. अहमदपूर कधी गेलं कळलंच नाही, इतकी गाढ झोप लागली.

सोमवारी दुपारी उत्तर आलं, सोबत नवी पानंही होती. सगळ्या दुरुस्त्या घेतल्या, पानांची जुळणी हलली नाही, अंक छपाईला गेला. मी अण्णांना फोन केला.

“शेवटच्या पानावर खाली जागा उरली का?” त्यांनी विचारलं.

एका ओळीची उरली, मी म्हणाले.

“मग चांगलं बसलं,” असं म्हणून ते वामकुक्षीला गेले. मीही डबा उघडला. तीन दिवसांत पहिल्यांदा मला नीट भूक लागली होती.