भाटव्यांचा चिनी

आमच्या भाटव्यांनी दाखवला नसता, तर मोहाडी तालुक्यातल्या एकाही माणसाला चिनी माणूस कसा असतो ते मरेपर्यंत कळलं नसतं. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे भाटव्यांचा मान फार, त्यामुळे त्यांनी काहीही विचित्र केलं तरी 'त्यांचं काहीतरी असेल' म्हणून गप्प बसायची घरात रीत. शाळेत ते चित्रकलेचे मास्तर होते, हौसेनं दंडारीच्या नाचातल्या पोरांची तोंडं रंगवायचे, आणि वर्षातून एकदा, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या दिवसांत, ते चिनी व्हायचे.

मास्तर म्हणून त्यांचा एकच नियम होता: वस्तू समोर असल्याशिवाय चित्र काढायचं नाही. मनानं काढलेलं वांगं ते सरळ फाडून टाकत. "वांगं पाहल्याबिगर वांगं काढाचं नाही," म्हणत आणि स्वयंपाकघरातली वांगी पिशवीत भरून शाळेत नेत. ताई बिचारी चूल पेटवून बसलेली. एकदा ती वैतागून म्हणाली, "हे वांगे खायाचे आहेत का पाहाचे, थे एकदाचं सांगून टाका." त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की आधी पाहायची, मग खायची. लग्नाला गेले की पाहुण्यांची ख्यालीखुशाली विचारायच्या ऐवजी त्यांचे चेहरे निरखत बसायचे. नवऱ्या मुलाच्या बापाला त्यांनी भर मांडवात सांगितलं होतं की तुमचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. हेडमास्तरांच्या निरोप समारंभाला त्यांचं मोठं चित्र काढलं, ते नाकावरच्या मसासकट. मस तेवढा गाळा म्हणून सगळ्यांनी विनवलं, पण हे हटले नाहीत. आहे तर आहे, म्हणाले. हेडमास्तर ते चित्र शाळेतच विसरून गेले आणि पुढं भाटवे दिसले की रस्ता बदलू लागले.

असा हा खरेपणाचा हट्टी माणूस, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र चिन्याचं. नागपुरात चित्रकला शिकायला होते तेव्हा दर रविवारी सकाळचा इंग्रजी सिनेमा बघायचे. त्यातल्या बऱ्याच सिनेमांत एक चिनी असायचा. ओठांवरून हनुवटीखाली लोंबणाऱ्या बारीक मिशा, वीतभर नखं, बाह्यांत खुपसलेले हात, प्रत्येक वाक्याला कमरेत वाकणं आणि वाकता वाकता समोरच्याच्या पेल्यात विष टाकणं. भाटव्यांनी अंधारात गुडघ्यावर वही ठेवून त्याची चित्रं काढली आणि गावी आणली. अंबाडीचा वाख काळा रंगवून मिशा केल्या, बांबूच्या कामट्या तासून नखं केली, तोंडाला पिवळा रंग फासला, आणि डिंक लावलेल्या पातळ चिंधीनं डोळ्यांचे कोपरे कानाकडं ओढून बसवले. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, भर दुपारी दंडार नाचते आणि नाचाच्या मध्ये गंमत होते, म्हणजे सोंगांचा विनोदी खेळ. त्या गंमतीत भाटव्यांचा चिनी बारीक पावलं टाकत आला की बाया पदर तोंडात कोंबायच्या. एकोडीच्या मंडईत एका म्हातारीनं गंमत संपल्यावरही त्यांच्या हातात पाण्याचा लोटा द्यायला नकार दिला, हा विष कालवेल म्हणून. हे सांगताना भाटव्यांची छाती फुगायची. पस्तीस वर्षं तो मान त्यांच्याकडे होता, आणि दुसरा कुठला मान त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता, हेही खरं.

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यावर काही वर्षांनी, भाटवे नोकरीतून मोकळे झाले त्याच सुमाराला, वैनगंगेपलीकडे विजेच्या एका कारखान्याचं काम निघालं आणि तिथं यंत्रं बसवायला खरे चिनी कामगार आले. त्यांतला एक फिटर दर रविवारी मोहाडीच्या बाजारात भाजी घ्यायला यायचा. त्याला आणणारा जीपचा ड्रायव्हर भाटव्यांचा जुना विद्यार्थी. भाटव्यांना खबर लागली तशी ते वही घेऊन जवळजवळ धावतच निघाले. इतकी वर्षं सिनेमावरून काढलं, आता अस्सल नमुना मिळाला, बारीकसारीक चुका दुरुस्त करून घेऊ, असा त्यांचा हिशेब.

मग दर रविवारी चहाच्या टपरीवर दोघांची बैठक जमू लागली. फिटर शेंगा सोलत बसायचा आणि हे त्याला बघून चित्र काढायचे. त्याला थोडी हिंदी यायची, अडलं की ड्रायव्हर सांभाळून घ्यायचा. त्यानं खिशातला मुलीचा फोटो दाखवला, ताईच्या हातचं लोणचं चाखून डोळ्यांत पाणी आणलं, भाटव्यांचा चष्मा मोडला होता तो तारेचा तुकडा वाकवून जोडून दिला. भाटवे त्याच्यावर खूश, पण चित्रावर नाखूश. घरी येऊन मला म्हणायचे, हा चिनी काही चिन्यासारखा दिसत नाही. मिशा नाहीत, नखं कामानं झिजून काळी पडलेली, वाकत तर कोणासमोर नाही, आणि हसतो तो सगळा बाजार मागं वळून बघेल असा. डोळेही वर ओढलेले नाहीत. त्यांना वाटलं, आपल्या नशिबी नमुनाच सदोष आला. मला आज हे सांगताना कसंसंच होतं, पण तेव्हा मीही मान डोलावली होती.

त्या वर्षीच्या मंडईला ड्रायव्हर त्या फिटरला कौतुकानं घेऊन आला. भाटव्यांना सांगितलं नाही, सरांना आनंद होईल म्हणून. पाहुणा म्हणून लोकांनी त्याला अगदी समोर सतरंजीवर बसवलं, माझ्या शेजारीच. आणि मग भाटवे आले. मिशा, नखं, पिवळं तोंड, सगळं नेहमीचं. मग कोणीतरी त्या पाहुण्याकडे बोट दाखवलं आणि जो हशा उसळला तसा मी जन्मात ऐकला नाही. लोक एकदा भाटव्यांकडे बघत, एकदा त्याच्याकडे. कोणी बोटांनी डोळे ताणून त्याला दाखवत होतं. फिटर आधी सगळ्यांबरोबर हसला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. भाटव्यांनी त्याला पाहिलं होतं, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. पण समोर हजार माणूस हसत होतं, आणि त्यांनी काम पुरं केलं. दोनदा जास्तच वाकून केलं. मीही पोट धरून हसलो, ते लपवण्यात अर्थ नाही.

गंमत संपल्यावर भाटवे तसेच मिशांसकट त्याच्याजवळ आले. फिटर उठून उभा राहिला आणि हळू आवाजात ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला. ड्रायव्हर खाली मान घालून उभा. भाटव्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, थो विचारून राहिला का, इतके इतवार तुमी मले पाहून राहिले होते, मंग आज हा कोन होता?"

भाटवे तसेच मागे वळले. घरी येऊन ते अंगणात बसले आणि खोबरेल तेलानं डोळ्यांवरचा डिंक सोडवू लागले. मी जवळ बसलो होतो. चिंधी सुटून हातात आल्यावर म्हणाले, "थो सिनेमातला बी चिनी नव्हताच रे. गोरा साहेबच होता. डोळ्याच्या कोपऱ्यात डिंक लावला होता त्यानं, मले चांगला दिसला होता. मी डिंकाचं काम पाहत बसलो." एवढं बोलून रडले. पोरांची वांगी फाडणारा माणूस माझ्यासमोर रडला, आणि मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायलाही सुचलं नाही.

पुढच्या रविवारी टपरीवर जाऊन त्यांनी फिटरची हात जोडून माफी मागितली. त्यानं ते हात धरून खाली केले, चहा मागवला, शेंगाही दिल्या. राग धरणारा माणूस नव्हता तो. पण वही उघडली की तो टोपी पुढं ओढून रस्त्याकडे बघू लागे. दोनतीन रविवार असं झाल्यावर भाटव्यांनी वही न्यायचंच सोडलं. उन्हाळ्यात कारखान्यातलं त्यांच्या तुकडीचं काम संपलं आणि ते लोक गेले.

भाटव्यांनी चिन्याचं काम सोडलं. दंडारीच्या मंडळानं खूप समजावलं, मग रागावलं, मग सरळ शाळेतल्या एका नव्या मास्तराला ते काम दिलं. भाटवे त्याच्याकडे गेले, असं करू नको म्हणाले. त्यानं पाया पडून सांगितलं की सर, मी तर तुमचंच पाहून शिकलो. मिशा, नखं, वाकणं, सगळं हुबेहूब. मग मंडईच्या दुपारी, गंमत सुरू व्हायच्या आधी, भाटवे स्वतःच मंचाच्या फळीवर चढले आणि माईक हातात घेतला.

"आता जो येईन ना, थो चिनी मानूस नोहे," ते म्हणाले. "थो मी बनवला. मी चिनी मानूस पाहला आहे. थो असा नाही राहत. माझी चुकी झाली."

लोक हसले. पस्तीस वर्षं ज्यानं हसवलं तो फळीवर उभा आहे म्हटल्यावर हसणारच. टाळ्या पडल्या, कोणीतरी शिट्टी मारली. भाटव्यांनी तेच सगळं पुन्हा म्हटलं, या वेळी जरा ओरडून, तर हशा आणखी वाढला. ते खाली उतरले.

तेव्हापासून दर मंडईला ते असं करतात. आता वय झालंय, फळीवर चढताना दोघांनी धरावं लागतं. पण चढतात, तेवढीच वाक्यं बोलतात, आणि लोक आता त्याचीही वाट बघतात, गंमतीतलाच तो भाग झालाय. मीही दर वर्षी सगळी कामं टाकून जातो आणि पुढच्या सतरंजीवर बसतो. निदान एक माणूस न हसता त्यांच्याकडे बघत असावा म्हणून.