दोरी धरणाऱ्याचं चित्र

मुलांसाठी इतिहास, विज्ञान, साहस अशा विषयांची चांगली सचित्र पुस्तकं सुचवा, असं मला वर्षातून दोन-तीनदा कुणी ना कुणी सांगतंच. मी सुचवतेही. पण "शिफारस" हा शब्द ऐकला की माझं डोकं आधी तापतं, मग थंड होतं, मगच मी कागद घेते. कारण अशीच एक शिफारस केलेली यादी मी एकदा तपासणीच्या साहेबांना परत पाठवली होती. तेव्हा नमतं घेतलं असतं तर माझी बढती वेळेवर झाली असती, असं घरचे अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

मी तेव्हा टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेवर होते. एस.टी. फाट्यावर सोडायची, पुढे पाऊण तासाचा चढ. मी स्वतः म्हसा बाजूच्या भातशेतीवाल्या घरातली. आमच्याकडे वाडीवरच्या माणसांबद्दल बोलायची एक ठरलेली रीत आहे: साधीभोळी माणसं, त्यांना काय कळतंय. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते माझ्यातही मुरलं होतं. पुढचं सांगण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

मुंबईच्या एका गृहस्थांनी शाळेला दोन खोकी भरून पुस्तकं दिली. फाट्यावरून ती डोक्यावर घेऊन पालकांनीच वर आणली. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची, मांडी भरून उरतील एवढी मोठी पुस्तकं. एकात किल्ला मधोमध कापून दाखवला होता, आत धान्याची कोठारं, पाण्याची टाकी, तोफ वर ओढणारे बैल. एकात धरणीच्या पोटातला लाव्हा होता आणि माणसाच्या पोटातली आतडी. एक साहसाचं होतं, त्यात वाळवंट, समुद्राचा तळ, बर्फाचे डोंगर. फाटतील म्हणून पुस्तकं कपाटात कोंडायची पद्धत मला कधीच पटली नाही. रोज संध्याकाळी ती घरोघरी जायची. परत यायची तेव्हा कोपऱ्याला हळद लागलेली असायची, पानांत भाताचं शीत सापडायचं. बहुतेक घरांत वाचता येणारं मोठं माणूस नव्हतं, म्हणून तर मला चित्रांची पुस्तकं हवी होती.

मार्चमध्ये तपासणी आली. साहेब घामाघूम होऊन वर पोचले, पाणी प्यायले आणि त्यांनी साहसाचं पुस्तक उघडलं. दोन पानं व्यापून एकच चित्र होतं: बर्फाचा उभा कडा, त्यावर चढणारा एक माणूस, त्याच्या कमरेची दोरी खाली आलेली आणि खाली एक जण ती दोन्ही हातांनी धरून बसलेला. चित्राखाली प्राणवायूची टाकी, बूट, हातमोजे असं सामानही काढलं होतं. साहेबांनी तिसरीतल्या एका मुलीला उभं केलं. या माणसाला वर पोचायला सगळ्यात गरजेचं काय आहे, असं त्यांनी विचारलं.

तिने चित्राकडे एकदा पाहिलं.

"मेवना," ती म्हणाली.

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांच्यासोबत आलेलेही हसले. आणि मीही हसले. मोठ्याने नाही, पण ओठांवर हसू होतं आणि ते त्या पोरीने पाहिलं. वर मी शहाणपणाने म्हटलं, "प्राणवायू, बाळा. खाली दाखवलाय ना." ती खाली बसली आणि तपासणी संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

जाताना साहेबांनी निकाल दिला. ही पुस्तकं या मुलांच्या डोक्यावरून जातात, इथे ती वाया चालली आहेत. शनिवारपर्यंत ती खाली पाठवायची, तालुक्याच्या मोठ्या शाळेत त्यांचा उपयोग होईल. बदल्यात वाडीवरच्या शाळांसाठी शिफारस केलेली पुस्तकं मिळतील. यादी त्यांच्या पिशवीतच होती. नखं कशी कापावीत, खोटं का बोलू नये, लोभी कोल्ह्याचं काय झालं, अशी सोळा-सोळा पानांची पुस्तकं. मी मान डोलावून "हो सर" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मी ते पुस्तक काखेत घेऊन तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला पाहून पोरगी आत पळाली. मी आईला झालेला प्रकार सांगितला, माझं हसणं मात्र गाळलं. तिने हात लुगड्याला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि ते चित्र बराच वेळ बघत राहिली. मग दोरी धरून बसलेल्या माणसावर बोट ठेवून तिने विचारलं, हा त्याचा मेवना का?

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितलं. तिचा नवरा उन्हाळ्यात कड्यावरचं मोहोळ काढायला दोरीने उतरतो. वर दोरी धरायला मेहुणाच, म्हणजे बायकोचा भाऊच लागतो, तो नसेल तर त्यांच्यातलं कुणी दोरीला हात घालत नाही. तिच्या घरी तिचा धाकटा भाऊ धरतो. मी विचारलं, नवऱ्याचा सख्खा भाऊ का नाही?

"भावाला जमिनीत वाटा हाय," ती म्हणाली. "मेवन्याला कसला वाटा? त्याच्या बहिनीचा कुंकू हाय त्या दोरीला. तो नाय सोडत."

सहा वर्षं मी त्या वाडीवर होते. मोहोळ काढतात हे ठाऊक होतं, मध तर दर वर्षी घरी नेत होते. दोरी कोण धरतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

तिने खालच्या माणसाचं नाव विचारलं. मी त्या चढाईवरची चारही पानं वाचून काढली. चढणाऱ्याचं गाव होतं, त्याचं लहानपण होतं, तंबूत तो काय खायचा तेही होतं. दोरी धरणाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. मी तसं सांगितलं. "मंग पोरीनं चुकीचा काय सांगितला?" असं ती म्हणाली आणि परत फुलं पसरायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने ते चित्र माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं, छापणाऱ्यापेक्षाही नीट, आणि मी तिला बक्षीस म्हणून हसू दिलं होतं. त्या दिवसापासून कुठलंही सचित्र पुस्तक सुचवण्याआधी मी चित्राच्या कडेची माणसं बघते. मधला नायक सगळेच चित्रकार बरा काढतात.

शरमेचा राग व्हायला मला शाळेपर्यंतची वाट पुरली. पुस्तकं डोक्यावरून जातात म्हणे! कुणाच्या डोक्यावरून गेलं होतं ते मला चांगलंच कळलं होतं. मुलगी शाळेत आली तेव्हा मी वर्गासमोर तिची माफी मागितली आणि तिला त्या चित्रावर बोलायला लावलं. ती अर्धा तास बोलली. शुक्रवारी मी दोन्ही खोकी रिकामी केली आणि एकूण एक पुस्तक घरोघरी वाटून टाकलं. साहेबांना चिठ्ठी लिहिली: पुस्तके वाचनासाठी घरी गेली आहेत, वाचून झाल्यावर कळवू. शिफारस केलेली यादी सोबत परत पाठवत आहे. माझे सहकारी गुरुजी भले माणूस, पण भित्रे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, चिठ्ठीवर तुमची सही नको, निर्धास्त राहा.

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः वर आले. बरोबर शिपाई, शिपायाच्या खांद्यावर तीन रिकामी पोती. पुस्तकं गोळा करा, म्हणाले. मी म्हटलं, कुणाच्या हातातलं पुस्तक मी ओढून घेणार नाही, तुम्हाला घ्यायचं असेल तर चला, घरं दाखवते. त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते आले. पहिलं घर त्याच मुलीचं घेतलं. हो, मुद्दाम घेतलं.

तिची आई ओट्यावर बसली होती. मांडीवर किल्ल्याचं पुस्तक, तोफ ओढणारे बैल होते ते पान. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात ते पुस्तक मागितलं आणि हात पुढे केला. मग सहज विचारावं तसं विचारलं, तुम्हाला वाचता तरी येतं का?

नाय, असं ती सरळ म्हणाली. ती लाजली नाही, उठलीही नाही. बैलांना दोर कुठून बांधलाय ते तिचं बोट शोधत होतं. ते सापडेपर्यंत तिने साहेबांना तसंच उभं ठेवलं.

"माजा अजून वाचून नाय झाला, साहेब."

साहेबांचा हात काही वेळ तसाच पुढे राहिला. दुसऱ्या घराकडे त्यांनी पाऊल टाकलं नाही. शिपायाने पोती परत खांद्यावर घेतली आणि दोघे रिकाम्या हातांनी उतार उतरून गेले.