बांधावरचा वाळूचा ढीग

तीर्थपुरीजवळच्या आमच्या शेताची वाटणी झाली आणि मधे बांध आला. पलीकडे थोरल्या जाऊबाई, अलीकडे मी. दोघींची मोसंबी, दोघींचा एकेक बोअर, आणि दोन्ही बोअर एप्रिलमध्येच धापा टाकायचे.

मागच्या मे महिन्यात जाऊबाईंनी बोअरभोवती खड्डा घेतला. पाइपाला भोकं पाडून जाळी गुंडाळली, तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी थरांतून गाळून बोअरमध्ये उतरणार होतं. मी गवत कापायच्या निमित्ताने बांधावरून सगळं बघत होते. अंगाचा तिळपापड होत होता. वर उरलेल्या वाळूचा ढीग त्यांनी माझ्या बाजूलाच टाकून ठेवला. मला दाखवायलाच, दुसरं काय!

मी नवऱ्यामागे लकडा लावला, आपलं काम त्यांच्या आधी उरकायचं. वहिनीला एकदा विचारून घेऊ, असं तो म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. एवढे थर म्हणजे नुसता मिरवण्याचा कारभार, असं मला वाटत होतं. एका दिवसात ओढ्यापासून चर खणून आम्ही त्याचं तोंड थेट बोअरच्या पाइपात सोडलं.

जुलैत ओढा भरून आला. त्यांचा खड्डा हळूहळू पीत होता, माझा बोअर घटाघटा. त्या दिवशी मी फार खूश होते.

दिवाळीनंतर मोटार गढूळ पाणी फेकायला लागली. मग गाळात अडकून बंदच पडली. मार्चमध्ये माझ्या मोसंबीची पानं वळली. पलीकडची मोटार चालू झाली की माझ्या पोटात दुखायचं.

शेवटी बाग जळताना बघवेना, म्हणून मीच बांध ओलांडून पाणी मागायला गेले. जाऊबाईंनी लगेच मोटारीचा पाइप माझ्या बागेत टाकला. मग गवत उगवलेल्या त्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, "गाळ काढून घे आधी. वाळू हाय इथंच. दोघींपुरती आणल्ती मी. तुला बोलवायला येणार होते, पण तुझं काम तं आधीच उरकल्तं. मंग तू बोलंनाशी झालीस."

मी ढिगावरचं गवत उपटायला लागले. बोअर, पाणी, हिरवी बाग, या सगळ्याचा हेवा करून झाला होता. आता त्यांच्या मनाचाही वाटायला लागला.